एका नारळाचं गाऱ्हाणं

बायकोने दोन नारळ काढून ठेवले होते, मी एकच आणला. दुसरा रत्नागिरीत, मांडवीला आमच्या घरी फ्रिजवर बसून राहिला. हे कळलं ते थेट सावर्ड्याच्या आतल्या आमच्या गावी, देवीच्या पायऱ्या चढताना. बायकोने पिशवीत हात घातला, माझ्याकडे बघितलं आणि पिशवी बंद केली. "एवढं एकच काम सांगितलं होतं तुम्हाला," इतकंच म्हणाली. सतरा वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की ती कमी बोलली म्हणजे जास्त चिडलेली असते. चिडलेला मीही होतो. नारळावर नाही, सगळ्यावरच.

आमची तन्वी तेव्हा नऊ वर्षांची. वर्षभर तिचे केस गळत होते. आधी फणीत, मग उशीवर, मग भुवयासुद्धा विरळ झाल्या. त्याच सुमाराला तिची चालही बिघडली. होडीत उभं राहिल्यासारखी पाय फाकून चालायची, सपाट जमिनीवर पडायची, पाण्याचा पेला तोंडाशी येईपर्यंत अर्धा फ्रॉकवर सांडायचा. या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती. केस माझ्यावर गेले, कारण आमच्या घराण्यात तिशीनंतर डोक्यावर काही टिकत नाही. आणि पडणं तिच्या आईकडचं, कारण माझा मेहुणा स्वतःच्याच चपलेला अडखळतो. पडण्याबद्दल बायकोचं म्हणणं बरोबर उलट होतं. लग्नात अंतरपाटात पाय अडकून कोण पडलं होतं, याची ती आठवण करून द्यायची. आणि मग आम्ही दोघं पोरीसमोरच एकमेकांच्या घराण्यांचा उद्धार करत बसायचो.

नातेवाईकांनी वेगळाच जीव खाल्ला. माक्याचं तेल झालं, कांद्याचा रस झाला, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. एक आत्या म्हणाली, चकोट करा, दाट येतात. तिच्या मुलाचं डोकं माझ्यापेक्षा चकचकीत आहे. डॉक्टरही दोन झाले. केसांचे वेगळे, मेंदूचे वेगळे. दोन फायली, दोन पिशव्या. केसांच्या डॉक्टरांना मी पडण्याबद्दल बोललो नाही, म्हटलं त्यांचा काय संबंध. मेंदूच्या डॉक्टरांसमोर तन्वी टोपी घालून बसली होती. त्यांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" मी माझ्या टकलावरून हात फिरवून म्हणालो, "नाही, बाकी केस तेवढे बापावर गेलेत." ते हसले. मलाही बरं वाटलं, आपण विनोदी माणूस आहोत म्हणून.

मग ते गंभीर होऊन म्हणाले की हा आजार आनुवंशिक दिसतो, असे आजार बहुधा वाढत जातात, पुढे काही वर्षांनी तिला आधाराशिवाय चालता येईलच असं नाही. जिना उतरताना तन्वीने माझं बोट धरलं होतं. तिने धरलं होतं की मी, आता सांगता येणार नाही. बायकोला मी चार दिवस त्यातलं निम्मंच सांगितलं. पाचव्या दिवशी उरलेलं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "गावी जाऊ. देवीपुढे ठेवू." मला त्याचाही वैताग आला. दर वर्षी न चुकता ओटी भरत होतो, तेव्हा देवी काय झोपली होती, असं मनात आलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

आमच्याकडे गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो आणि मग कौल लावतो. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्याने देवीच्या अंगावर चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार. एका वेळी एकच गोष्ट विचारायची, आणि तिच्यासाठी एक नारळ. गुरवकाका सत्तरीचे, नियमाचे पक्के.

"काय गाऱ्हाना?"

"पोरीचे केस, आणि पोरीचं चालणं."

"ही दोन झाली. नारल येक हाय."

"काका, पोरगीही एकच आहे," मी वैतागून म्हणालो.

त्यांनी नारळ उचलून देवीपुढे ठेवला. "बरा. बोला येकदमच. पन मोठ्यानं बोला, तोंडातल्या तोंडात नको."

मी सांगत गेलो, ते खणखणीत आवाजात देवीला सांगत गेले. केस गेले, भुवया गेल्या, पाय ठरत नाहीत, हातातलं सांडतं. मागून बायको मी गाळलेलं भरत होती. तोंडाभोवती कातडी लाल होऊन सोलते, आम्ही समजलो आंब्याचा चीक लागला, पण आंबे संपले तरी जात नाही. हाक मारली तर एकदा ऐकू येत नाही. काकांनी सगळं एका दमात ओवलं आणि देवळातली चार माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. वर्षभरात एवढं सगळं एका ओळीत कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही.

आणि कौल पडेना. दोन्ही पाकळ्या घट्ट. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "देवी इचार करत्येय," काका म्हणाले. माझा संयम संपत आला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, एक विचारू?"

ओटीचं ताट घेतलेली चाळिशीतली एक बाई होती. माहेरवाशीण असावी. मुंबईला लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, म्हणाली. "तुमचं गाऱ्हाणं कानावर पडलं. असाच एक मुलगा आमच्याकडे आला होता. केस, चाल, तोंडाची लाली, कान, सगळं हेच. मी डॉक्टर नाही, पण ही एक रक्ताची तपासणी विचारून बघा." माझ्या अभिषेकाच्या पावतीमागे तिने एक शब्द लिहिला, बायोटिनिडेज. मग पायरीवर बसलेल्या तन्वीजवळ वाकून तिची टोपी नीट केली आणि ताट घेऊन रांगेत गेली. आम्ही वळून बघतो तर उजवी पाकळीही खाली, डावीही खाली. आधी कुठली पडली, ते गुरवकाकांसह कुणीच पाहिलं नव्हतं. "आता काय समजायचा?" म्हणून ते आमच्यावरच डाफरले. त्या गडबडीत मी बाईंचं नाव विचारायचं विसरलो. नारळ विसरणाऱ्याकडून आणखी काय होणार.

रत्नागिरीतल्या बालरोगतज्ज्ञांनी पावती उलटून वाचली, दोन्ही फायली पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "फार दुर्मीळ आहे, पण तपासू." रक्त मुंबईला गेलं. निदान तेच निघालं. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आपलं शरीर पुन्हा पुन्हा वापरतं, तिच्या शरीराला ते जमत नव्हतं. औषध म्हणजे तेच जीवनसत्त्व, रोज, जन्मभर. मी धीर करून विचारलं, हे कुणाकडून आलं? डॉक्टर म्हणाले, "दोघांकडून. एकाकडून आलं असतं तर तिला काही झालं नसतं." परतताना आम्ही दोघं मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. सतरा वर्षांत पहिल्यांदाच घराण्यांवर बोलायला काही उरलं नव्हतं.

काही आठवड्यांत तिची पावलं जवळ आली. एका संध्याकाळी तिने माझ्यासाठी काठोकाठ भरलेलं कोकम सरबत स्वयंपाकघरातून ओटीवर आणलं आणि थेंबही सांडला नाही. मला मात्र ते पिताना सांडलं. दिवाळीपर्यंत डोक्यावर मऊ लव आली, आता दोन आखूड शेंड्या येतात. डावा कान थोडा अधूच राहिला, तो तसाच राहील म्हणतात. जे वाचलं ते एवढं मोठं आहे की त्याबद्दल तक्रार करायला जीभ उचलत नाही.

देवीने केलं, की त्या बाईने, की माझ्या विसराळूपणाने, हा वाद मी घालत नाही. मला माझ्यापुरतं एवढंच समजलं की वर्षभर मी दुःखाचे तुकडे करून ज्याच्या त्याच्या दारात नेत होतो, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर माझं उत्तरही नेत होतो. उत्तर घेऊन गेलेल्या माणसाला कोण काय देणार? त्या दिवशी नारळ कमी पडला म्हणून सगळं एकदम ओतावं लागलं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर उरलं नाही. शरण जाणं यालाच म्हणत असतील. माझं ते भक्तीने झालं नाही, वैतागाने झालं. देवीने तेही चालवून घेतलं.

यंदा देवीचं देणं फेडायला निघालो तेव्हा मी आदल्या दिवशीच दोन नारळ पिशवीत भरून ठेवले. म्हटलं, मागची चूक भरून काढू. निघताना बायकोने पिशवी उघडली, एक नारळ काढला आणि परत फ्रिजवर ठेवला.

"एकच न्या," ती म्हणाली. "गाऱ्हाणं एकच होतं."