मारुतीच्या पायापासून लिंबाच्या पारापर्यंत

आमच्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नदीच्या दोन काठांना त्या काळी दोन नावं होती, आणि एक लिहिलं की दुसऱ्या काठाची माणसं अजून रुसतात. मी वाटूरहून इथं कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करायला आलो तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं अक्षर बरं होतं. म्हणून वाचनालयाच्या भिंतीवर लावायचं साप्ताहिक हातानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

छापायला परवानगी नव्हती. हातानं लिहायची मिळाली, तीही तहसिलीतल्या एका अंमलदारानं अट घातल्यावर: आजकाल काय चाललंय त्याबद्दल एक अक्षर नको. आज वगळला की माणसाजवळ काल आणि उद्या एवढंच उरतं. त्यामुळे आमच्या साप्ताहिकात सदरं दोनच. एक शहराचा इतिहास, दुसरं येत्या आठवड्याचं हवामान.

हवामान लिहायचे ते पेशकारसाहेब. कचेरीतून निवृत्त झालेले, पलीकडच्या काठावर राहणारे. सारी हयात हुकूम लिहिण्यात गेल्यामुळे त्यांची भाषा कुठंच सापडायची नाही. 'आभाळ येण्याचा संभव आहे. पाऊस नाकारता येत नाही, तथापि खात्रीही देता येत नाही.' हे ते आषाढातही सांगायचे आणि वैशाखातही. अर्थात त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

इतिहास अलीकडच्या काठावरच्या वैद्यबुवांकडे होता. नाडी धरली की बुवा रोग्याला शहराचा इतिहास सांगायला लागत आणि रोगी लवकरच 'आता बरं वाटतंय' म्हणून उठे. बुवा त्याचं श्रेय काढ्याला देत.

भांडण लागलं ते जुन्या पुरावरून. आजोबांच्या वेळच्या मोठ्या पुराचं पाणी आपल्या काठावरच्या मारुतीच्या पायाला लागलं होतं, असं बुवांनी सांगितलं आणि मी लिहिलं. दुसऱ्याच दिवशी पेशकारसाहेब शेरवानी चढवून, छत्री घेऊन हजर. मारुतीच्या पायाचं काय घेऊन बसलात, आमच्या लिंबाचा अख्खा पार बुडाला होता, असं त्यांचं म्हणणं. हां हां म्हणता दोन्ही काठ पेटले. बाहेरचा माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं की बुडणं ही फार मानाची गोष्ट आहे.

शेवटी एका गवंड्यानं तोड काढली. मारुतीच्या पायापासून लिंबाच्या पारापर्यंत दोर ताणायचा. ज्याची जागा उंच, त्याचा पूर मोठा. दोघंही कबूल झाले. भादव्याचे दिवस होते, पण नदीत घोट्याइतकंच पाणी होतं. प्रश्न राहिला तो पावसाचा. बाजाराच्या दिवशी मोजायचं ठरलं, तेव्हा बुवांनी भर वाचनालयात पेशकारसाहेबांना विचारलं, की त्या दिवशी पावसाचं काय?

"संभव आहे, पण—"

"संभव नको, साहेब. पडंल का न्हाई, तेवढंच सांगा."

सगळे वाचायचं सोडून बघायला लागले. पेशकारसाहेबांनी खिडकीतून आभाळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा ते एका बाजूनं बोलले. "पडणार न्हाई," ते मला म्हणाले. "लिहा."

बाजाराचा दिवस उजाडला तो लख्ख. आष्टी-तीर्थपुरीची माणसं बाजार टाकून दोन्ही काठांवर उभी राहिली. दोर स्वतःच्या काठावर धरला तर लबाडी होईल अशी दोघांनाही शंका, म्हणून जागा बदलल्या. बुवा पलीकडं पारावर गेले, पेशकारसाहेब इकडं मारुतीपाशी आले. दोर मध्ये लोंबायला लागला, तेव्हा हॉटेलवाल्याची बाज वाळूत टाकून मला तिच्यावर चढवलं. गवंडी खाली उभा राहून एक डोळा मिटून बघू लागला. पलीकडून बुवा ओरडत, वर घ्या. इकडून पेशकारसाहेब ओरडत, खाली घ्या. मी दोर वर-खाली करत होतो आणि माझे हात भरून आले होते.

तेवढ्यात नदीच्या वरच्या वळणाकडून खडकाळ रस्त्यावर बैलगाड्या पळाव्यात तसा आवाज आला. मी वर पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. खाली पाहिलं तर गवंडी नव्हता. तो आपला ओळंबा घेऊन केव्हाच काठावर पोचला होता आणि मला सांगायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. वळणावरून गढूळ पाणी कडबा, काटक्या आणि फेस घेऊन येत होतं.

मी उडी मारली तेव्हा पाणी गुडघ्याला होतं, चार ढांगा टाकेपर्यंत कमरेला आलं. चपला गेल्या, बाज गेली. दोर मात्र मी सोडला नाही, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. दोर एकदम हलला तसं दोन्ही म्हाताऱ्यांना वाटलं की समोरचा लबाडी करतोय, आणि दोघांनी आपापल्या बाजूला जोर लावला. बुवांच्या बाजूनं दोर तुटला. पेशकारसाहेबांनी मला ओढत ओढत मारुतीच्या पायऱ्यांवर आणून टाकलं. मी पाया पडायला वाकलो तर ते म्हणाले, "तुम्हाला न्हाई वढलं. मी बुवांला वढून राह्यलो होतो."

लोक त्यांच्याभोवती जमले. कुणी काही बोलायच्या आत साहेबांनी तळहात पुढं केला आणि तो कोरडा असल्याचं सगळ्यांना दाखवलं. पाऊस पडलेला नाही, सबब अंदाज बराबर आहे; वर कुठंतरी दुसऱ्याच्या हद्दीत पडला त्याला ते जबाबदार नाहीत.

पूल नव्हता. पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं नाही. पेशकारसाहेब बुवांच्या घरी जेवले, बुवा साहेबांच्या घरी. इकडं वैद्यकाकूंनी साहेबांना ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा वाढला आणि पापड वाळत घालू का म्हणून विचारलं. साहेब भाकरी खाताखाता बराच विचार करून म्हणाले, अर्धे घाला. तिकडं बुवांच्या पुढं सगळी आळी आपापले गुडघे घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी ते पाण्यातून परत आले ते डोक्यावर लोणच्याची बरणी घेऊन.

पाणी मारुतीच्या खालच्या पायरीपर्यंत आलं होतं आणि लिंबाच्या मुळालासुद्धा लागलं नव्हतं. ते बघून दोघंही खूश झाले. आजोबांच्या पुराची सर याला नाही, यावर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मी पुराचं कुणी लिहायचं म्हणून विचारलं. बुवा म्हणाले, परवाची गोष्ट इतिहासात येत नाही, जरा मुरू द्या. साहेब म्हणाले, होऊन गेलेलं हवामान माझ्या सदरात बसत नाही. मी अजून खांद्याला तेल चोळत होतो, पण त्या आठवड्याच्या अंकात पूर आलाच नाही.

वैद्यकाकूंनी मात्र साहेबांना निरोप धाडला, की जेवायला पूर यायलाच पाहिजे असं काही नाही. मग साहेब बाजाराच्या दिवशी इकडं यायला लागले. बुवाही लोणच्यासाठी तिकडं जायला लागले. पण आधी कळवायची पद्धत दोघांकडेही नव्हती. त्यामुळे कैकदा भर दुपारी नदीच्या मधोमध, धोतर खोचलेले बुवा आणि छत्री उघडलेले साहेब एकमेकांच्या घरी जेवायला जाताना मला दिसायचे. आता परत फिरायचं कुणी, यावर ते घोट्याइतक्या पाण्यात उभे राहून पुष्कळ वेळ बोलत.