पट्ट्याचा खटका
गाडीचा पट्टा खट्कन बसला की शिर्डीला येणारं ते विमान आठवतं. आईचा पहिलाच विमानप्रवास. पाय लोंबकळत ठेवून तिला भाकरी जाईना, म्हणून मांडी घालता यावी यासाठी मीच तिचा पट्टा सोडला. हवाईसुंदरी दोनदा सांगून गेली. मी नुसती मान हलवली. मग विमान हादरलं आणि आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. उतरल्यावर मी कंपनीच्या माणसावर ओरडलो, “जबाबदारी तुमची! आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” ती हवाईसुंदरी पोरगी बाजूलाच खाली मान घालून उभी होती. आई कपाळावर पदर दाबत म्हणाली, “खोटं कशाला बोलतो? तिनं दोनदा सांगितलं हुतं.” तरी मी तिच्याविरुद्धच्या तक्रारीवर सही केली. आता आई गाडीत बसली की आपणहून पट्टा लावते, आणि माझ्याकडे बघत नाही.