सासऱ्यांची शिकारी सुरी

कुणाच्याही घरी जेवायला गेले की काका आधी स्वयंपाकघरात शिरत, सुरी उचलत आणि तिची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत. "अरे, ही सुरी आहे की उलथनं?" मग सुरीला धार लागेपर्यंत ताटं थांबत. ते येणार म्हटलं की माझी बायको म्हणायची, "अहो, सुऱ्या लपवा."

ड्युसेलडॉर्फच्या एका कारखान्यात, धातू तपासायच्या लॅबमध्ये, ते माझे सीनियर होते. रविवारी जुन्या बाजारातून गंजके चाकू आणायचे आणि तळघरात दगडावर घासत बसायचे. स्टेनलेसवर त्यांचा राग. "आळशी माणसांचं पोलाद ते. कार्बनचं रोज पुसावं लागतं, पण धार कशी घेतं बघ." हे व्याख्यान तुम्हीही ऐकलं असतं तर जांभया दिल्या असत्या. आम्ही दिल्या.

त्यांची बायको जर्मन. ती गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. मुलगा न्युरेम्बर्गला; मराठी समजायचं, उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. दोन वर्षांत फिरकला नव्हता. एके दिवशी त्यानेच फोन केला: आईच्या वडिलांची शिकारीची सुरी तळघरात गंजतेय, ती नीट करून ठेवा, मी न्यायला येतो. काका आठवडाभर ऑफिसात तेवढंच सांगत फिरले.

पण तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. दगडावर पातं एका कोनात राहीना. तरी तीन महिने घासत होते. मुलाने येण्याचा ऑक्टोबरातला शनिवार कळवला आणि त्यांचा धीर सुटला. आम्हाला ज्याची कायम मनाई केली तेच त्यांनी केलं: सुरी धार लावायच्या मशीनवर धरली. हात थरथरला, पातं तापलं, टोकाला निळी झाक आली. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. तिथे धार टिकत नाही.

"काका, त्याला कळणारसुद्धा नाही," मी म्हणालो.

"मला कळेल ना."

माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. "अरे, सुरी अजून झाली नाही. झाली की सांगतो, मग ये."

"ओके, पापा. काइन श्ट्रेस," मुलगा म्हणाला. काही घाई नाही.

मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता. आजही येतो. त्यांनी त्या सुरीला पुन्हा हात लावला नाही आणि मुलाला बोलावलंही नाही. फेब्रुवारीत ते गेले.

मुलगा घर रिकामं करायला आला, मी मदतीला होतो. टेबलाच्या खणात त्याला सुरी सापडली, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. त्या सुरीने त्याने एका खोक्याची चिकटपट्टी कापली. सहज कापली गेली.

"ही तर तयार आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला. मग माझ्याकडे बघून, अडखळत, मराठीत विचारलं, "कधीपासून?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण सुचलं नाही.

"ऑक्टोबरपासून," मी म्हणालो.