धुरात पहिला नंबर

जागतिक न्याय आणि पर्यावरण यांच्या आधाराने विज्ञान कसं शिकवावं, याचं प्रशिक्षण मी खामगावात घेतलं. थंडगार सभागृह, सारखा चहा आणि परदेशातून जसाच्या तसा उचललेला एक तक्ता. आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो, ते त्यावरून मोजायचं. वरवट बकालच्या पुढे एका खेड्यातल्या माझ्या नववीच्या वर्गात मी तो प्रसादासारखा वाटला. वाचून पाहायची तसदी घेतली नाही.

पहिला प्रश्न: वर्षातून विमानाने किती वेळा जाता?

"सर, जत्रेतलं विमान चालते काय?" मागून एकाने विचारलं.

"चूप बस बे, त्यातही तू रडला होता," दुसरा म्हणाला.

वर्ग हसला. तिथेच थांबायला हवं होतं. मी रेटत राहिलो. एसी, मोटार, सगळ्यांना भोपळा. शेवटी इंधनाचा रकाना आला. त्यात चुलीला भरपूर गुण होते. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या घरी दोन्ही वेळा पऱ्हाटीच जळायची, कपाशीची वाळकी झाडं. मी तिचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर लिहिलं. सर्वांत जास्त प्रदूषण करणारं घर! आणि धडा चालला होता जगातल्या अन्यायाचा.

"अन् तुमचा किती आला, सर?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती.

बाहेर माझी कार उभी होती. घरी एसी होता.

"शिक्षकाला उलट विचारायचं नसतं," मी म्हणालो. विज्ञानाच्या तासाला म्हणालो मी हे.

मग प्रत्येकाने एक संकल्प करायचा होता. कमी करण्यासारखं त्या पोरांकडे होतं काय? पण तक्त्यात रकाना होता, म्हणून भरायचा. बाकीच्यांनी काहीबाही लिहिलं. हिने खरंच केलं. आई पहाटेच मजुरीला जायची, सकाळचा सैपाक हिच्याकडे असायचा. सोमवारी उभी राहून म्हणाली, "सकायची चूल बंद केली, सर. रातच्या भाकरी उरल्या तं त्याच खातो."

आणि नाही उरल्या तर? हा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. सुचला होता. पण वर पाठवायच्या अहवालात 'विद्यार्थ्यांच्या वर्तनातील बदल' ही ओळ कोरी होती. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्याच आठवड्यात शनिवारी, सकाळच्या शाळेत, कवायत चालू असताना ती मटकन खाली बसली. खेळाच्या सरांनी तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं.

"उपाशी आली म्हणते. तुमच्याच वर्गाची ना हो? काऊन आली असंन?" त्यांनी मला विचारलं.

ती माझ्याकडेच बघत होती. मी सांगेन, अशी तिची खात्री असावी.

"काय माहीत बुवा," मी म्हणालो. "या पोरींचं खाण्याकडे लक्षच नसतं."