मामाचा श्वास आणि माझी पहिली केस

चहा घ्या आधी, मग हसा. माझ्या आयुष्यातली पहिली केस मी पुण्यातल्या एका क्लबमध्ये लढले, तीही पोलिसांशी, आणि जिंकले! त्या विजयाचा मला आजही अभिमान आहे. फक्त ज्याच्यासाठी जिंकले, त्या माझ्या मामाला तेवढा आनंद झाला नाही. का, ते ऐकाच.

एडिंबरोहून कायदा शिकून मी नुकतीच परतले होते. बरोबरचे सगळे तिकडेच राहिले. मी आले, कारण मला आपल्या माणसांच्या हक्कांसाठी काम करायचं होतं. विमानतळावरून धायरीला मामाकडे येईपर्यंत कॅबवाल्याला मी मूलभूत हक्क समजावून सांगितले. शेवटी त्याने एकच शंका विचारली, "ताई, पुढून डावीकडे घेऊ का उजवीकडे?"

मामा म्हणजे गणिताचा निवृत्त मास्तर. त्याला भलतंच कुतूहल होतं, ते कोरेगाव पार्कातले क्लब आतून असतात तरी कसे! मीही म्हटलं, चल, दाखवते. पण मामीची परवानगी काढायची होती. गेल्या वर्षी मामाच्या यकृताला सूज आली होती, तेव्हापासून दारू बंद. रविवारच्या संध्याकाळी दारात उभी राहून मामीने बजावलं,

"अहो, जा खुशाल. पण एक थेंब जरी घेतलात, तर मी ठाण्याला लेकीकडे. कायमची. बॅग भरायला मला पाच मिनिटं लागतात."

मामी गंमत करत नव्हती. मामाला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तर आम्ही क्लबमध्ये. मामाने लिंबू सरबत मागवलं, मी बिअर. थोडा वेळ कान देऊन मामाने विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"अरे मामा, सुरूच आहे की."

"अस्सं? मला वाटलं, वरच्या मजल्यावर फरशी फोडतायत."

तेवढ्यात दारातून एक फौजदार आणि दोन हवालदार आत आले. हातात ते फुंकायचं मशीन. टेबलामागून टेबल, "फुंका. फुंका." आणि लोक फुंकत होते हो! कसला प्रश्न नाही, कसली हरकत नाही, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवाव्यात तसे!

माझं रक्त उसळलं. हातातल्या ग्लाससकट मी उभी राहिले.

"साहेब, ही तपासणी कुठल्या कायद्याखाली?"

"दारू पिऊन गाडी चालवतात ना, मॅडम, त्याविरुद्ध मोहीम आहे."

"इथे गाडी कोण चालवतंय? आम्ही खुर्चीवर बसलोय. खुर्चीला चाकंसुद्धा नाहीत!"

मागच्या टेबलावर कुणीतरी खिदळलं. मग मला काय, चेवच चढला! "जो गाडी चालवतोय किंवा चालवायला निघालाय, त्याला रस्त्यावर थांबवा. जरूर तपासा! मी स्वतः तुमच्याबरोबर उभी राहते. पण नुसत्या बसलेल्या माणसाचा श्वास हा त्याचा स्वतःचा आहे!"

'स्वतःचा' म्हणताना मी हात असा पसरला, आणि ग्लासात उरलेली सगळी बिअर मामाच्या शर्टावर.

"मुक्ते! अगं, काय केलंस हे!"

"एक मिनिट, मामा."

मामाने शर्ट हुंगला. चेहरा पांढराफटक! मग एकदम काहीतरी सुचल्यासारखा उठला आणि फौजदारापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, माझी तपासणी करा. आधी माझी."

"मामा, घाबरू नकोस!"

"मी घाबरलेलो नाही. मला फुंकायचंय!"

"बघा!" मी सगळ्या क्लबकडे वळले. "वर्दी पाहून एक ज्येष्ठ नागरिक आपणहून हक्क सोडायला निघालाय. याला संमती नाही म्हणत, साहेब, याला दहशत म्हणतात!"

टाळ्या! मामा म्हणतोय, "अगं बाई, माझं ऐक..."

"तू गप्प बस. मी तुझी वकील आहे!"

फौजदार शांत माणूस होता. त्याने दारूबंदी कायद्याचं नाव काढून पाहिलं. मी म्हटलं, "मग संशयाचं कारण सांगा आणि रीतसर डॉक्टरकडे न्या. सरसकट सगळ्यांच्या तोंडात नळी कशाला?" त्याने बाजूला जाऊन फोन केला, परत आला आणि म्हणाला, "ठीक आहे, मॅडम. आम्ही गेटवर थांबतो. जो गाडी काढेल, तो फुंकेल."

शिट्ट्या वाजल्या! एका मुलीने तर मला मिठी मारली. एवढी वर्षं शिकले त्याचं सार्थक झालं असं वाटलं.

मामा मात्र मटकन खाली बसला. "वकीलबाई, त्या मशीनवर माझं शून्य आलं असतं. मी त्याचा फोटो काढून तुझ्या मामीला दाखवला असता. आता या वासाचं काय करू?"

आता लक्षात आलं? मला तेव्हा आलं!

धावतच गेट गाठलं. "साहेब, प्लीज, यांची तपासणी करा."

"काकांची गाडी कुठली?"

"गाडी नाहीये. रिक्षाने जाणार आहोत."

"मग नाही जमणार."

"पण ते स्वतःहून तयार आहेत!"

"दहशतीखाली असतील, ताई," फौजदार म्हणाला, आणि पुढच्या स्कूटरवाल्याकडे वळला.

धायरीपर्यंत मामा रिक्षातून बाहेर झुकून शर्ट वाऱ्यावर वाळवत होता. मामीने दार उघडलं, वासाने नाक मुरडलं आणि सरळ आत जाऊन कपाटावरची बॅग खाली काढली.

"मामी, थांब! बिअर सांडलीये त्याच्यावर!"

"कुणाची?"

"टेबलावरची."

"तिथे पोलीस तपासायला येतात म्हणे. आले नव्हते?"

"आले होते ना!" आणि अभिमान आवरेना हो, मी सांगून टाकलं, "पण मी मामाला तपासू दिलं नाही!"

मामा भिंतीला टेकला. मामीने दोन साड्या बॅगेत टाकल्या.

"नकार म्हणजे कबुली नव्हे, मामी! जगातलं कुठलंही न्यायालय..."

"न्यायालय राहू दे." मामी उठली आणि मामासमोर उभी राहिली. "अहो, हाऽऽ करा."

"हाऽऽ."

मामीने डोळे मिटून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. "लिंबू," ती हळूच म्हणाली. "शर्ट बदला, पिठलं गरम करते." मामाचे डोळे भरून आले, आणि साड्या परत कपाटात गेल्या.

मी विजयाने हात वर केले. तशी मामी माझ्याकडे वळली.

"आता तू."

आख्ख्या क्लबचा श्वास वाचवणारी मी! खाली मान घालून, निमूटपणे, "हाऽऽ" केलं.

निकाल जागच्या जागी लागला. अशील निर्दोष सुटला, वकील पकडली गेली.