गव्हर्नरला टांगलेला दगड

मारुतरावांविषयी मी चांगलं बोलावं, अशी आमच्या घरात सगळ्यांची इच्छा असते. ते थोरले चुलत सासरे, त्यातून आता हयात नाहीत. मला ते जमत नाही. त्यांनी माझ्या सासूबाईंचं, शालनबाईंचं, जे केलं ते मी सासूबाईंच्याच तोंडून ऐकलंय, भाकरी थापता थापता आणि पुन्हा पुन्हा. दर वेळी चूल त्यांच्यापुढे आणि जाळ माझ्या डोक्यात.

कुरुळीच्या आमच्या विहिरीत दोन वाटे होते. एक मारुतरावांचा, दुसरा धाकट्या ज्योतीरामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. एक दिवस एकाची पाळी, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची. हा रिवाज मोटेच्या काळातला. बैल दोघांचेही सारखेच चालायचे, त्यामुळे दिवस वाटून घेतला की पाणी आपोआप वाटलं जायचं. रिवाजात आणखी एक गोष्ट होती. ज्याच्या पाळीत मोट फाटेल, त्यानंच ती शिवून द्यायची. काल तुम्ही दांडगाईनं ओढली म्हणून आज फाटली, ही तक्रार कुणी ऐकून घेत नसे.

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास दोघा भावांनी मिळून विहिरीवर क्रूडचं, म्हणजे डिझेलवर चालणारं, इंजिन बसवलं. मारुतरावांनी लगेच आपली मोट मोडली आणि बैल विकून टाकले. सासऱ्यांनी दोन्ही ठेवलं. इंजिन आलं, पण रिवाज तोच राहिला, आणि इंजिन काही बैल नव्हे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वर्ष उलटायच्या आत सासरे काविळीनं गेले. सासूबाई तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या, आणि माझा नवरा पाळण्यात होता.

त्या उन्हाळ्यात विहिरीचं वागणं बदललं. मारुतरावांच्या पाळीला इंजिन दिवस मावळेपर्यंत पाणी ओढायचं. सासूबाईंच्या पाळीला उन्हं चढायच्या आत तळ दिसायचा आणि पंप हवा गिळायला लागायचा. मारुतराव बांधावरून बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, की बाईचा पायगुण आहे, आधी नवरा खाल्ला, आता विहीर खाती. हे ते सासूबाईंच्या तोंडावरही म्हणाले. वर असंही म्हणाले, की विहिरीतला वाटा माझ्या नावावर कर, तुला आणि पोराला दोन वेळचं मी घालतो.

मला सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. काही दिवस खुद्द सासूबाईंनाच ते खरं वाटलं. विहिरीच्या पायऱ्या उतरण्याआधी त्या चपला काढून हात जोडायच्या आणि विहिरीची माफी मागायच्या. कशाची माफी? त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

एकदा त्यांच्या पाळीला इंजिन सुरूच होईना. त्या चालत चाकणला गेल्या आणि उद्धवराव मिस्त्रींना घेऊन आल्या. उद्धवराव बीडकडचे, नाशिक रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये लॉऱ्यांची कामं करायचे. त्यांनी इंजिन सुरू करून दिलं, पण लगेच निघाले नाहीत. डोकं वाकडं करून आवाज ऐकत राहिले. मग डिझेलच्या पंपाशेजारच्या एका दांडीवर बोट फिरवलं. दांडीवर तार घासल्याचा ताजा चरा होता.

त्यांनी विचारलं, "बाई, ह्या गव्हर्नरच्या दांडीला कुणी वजन बांधायलंय का?"

सासूबाईंना गव्हर्नर म्हणजे पुण्या-मुंबईचा लाटसाहेब एवढंच ठाऊक. तो आपल्या इंजिनात काय करतो, हे उद्धवरावांनी समजावून सांगितलं. आत दोन वजनं गरगर फिरत असतात. इंजिन फार पळायला लागलं की ती बाहेर फाकतात, दांडी मागे ओढतात आणि डिझेल कमी होतं. एक स्प्रिंग त्यांना धरून ठेवते. दांडीला बाहेरून वजन टांगलं, की आतल्या वजनांचं काही चालत नाही, डिझेल सुटलेलंच राहतं आणि इंजिन उधळतं. उधळलेलं इंजिन एका दिवसात दीड दिवसाचं पाणी उपसून काढतं. स्प्रिंगचा स्क्रूसुद्धा कुणीतरी शेवटच्या आट्यापर्यंत आवळून ठेवला होता.

इंजिनाच्या खोपटात, कुडाच्या कडेला, एक दगड पडला होता. त्याला तारेचा फास होता आणि त्याच्यावर तेलकट बोटांचे डाग होते. सासूबाई तो दगड उचलून मांडीवर घेऊन बसल्या. रडू आलं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, रडू कशाचं, माझे दात रागानं वाजत होते.

उद्धवरावांनी स्क्रूवरचा नट सैल केला, स्प्रिंगचा ताण उतरवत उतरवत इंजिनाचा ठोका एकसारखा लागेपर्यंत स्क्रू फिरवला आणि नट पुन्हा आवळला. मग म्हणाले, की आत पिस्टनचा दांडा ठोकतोय, त्याचे बोल्ट ताणले गेलेत. गव्हर्नर आहे असाच राहू दिला तर इंजिन चालेल. पुन्हा वजन टांगलं, तर एक दिवस दांडा इंजिनाची कूस फाडून बाहेर येईल.

म्हणजे गोष्ट सरळ होती. पळवणार मारुतराव, आणि मोटेच्या रिवाजानं भरून देणार ज्याच्या पाळीत मोडेल तो. सासूबाईंच्या पाळीत दांडा सुटला, तर दुरुस्ती त्यांच्या गळ्यात, ती त्यांना झेपणार नाही, आणि विहिरीतला वाटा गेलाच. वर पायगुणाचा पुरावाही सगळ्या गावाला मिळणार.

दुसऱ्या दिवशी मारुतरावांनी नट सोडला आणि नवा दगड टांगला. लपवलासुद्धा नाही.

सासूबाई चावडीवर गेल्या. बाईमाणूस, तीही विधवा, त्या काळी अशी जात नसे. त्यांनी फासासकट जुना दगड पंचांपुढे ठेवला आणि एकच मागितलं. गव्हर्नरचा स्क्रू मिस्त्रीकडून दोघांसमोर नीट लावून घ्यावा, त्याला तार आणि शिशाचं सील मारावं, आणि ज्याच्या पाळीत सील तुटेल त्याच्याकडून जाब घ्यावा.

मारुतराव बसल्या जागेवरून म्हणाले, "माज्या पाळीत इंजिन मी कसं बी पळवीन. पानी हिच्या पायानं आटतंय. दगडाला कशापायी बोल लावता?"

लोक हसले. पंचांत सगळ्यात वडील आबाजी होते, त्यांनी घरातलं भांडण घरात मिटवा म्हणून सांगितलं आणि पानाचा डबा उघडला. डोळ्यांसमोर दगड पडलेला होता, त्याची तार दिसत होती, आणि चावडीवरच्या एकाही पुरुषाला तो उचलून बघावासा वाटला नाही. यांना पंच कुणी केलं असेल?

सासूबाई म्हणाल्या, "मग उद्यापास्नं मी इंजिनाला हात लावत न्हाई. माज्या पाळीत माजी मोट."

तेव्हा तर लोक आणखीच हसले, कारण बाईनं मोट हाकलेली कुरुळीत कुणी पाहिली नव्हती.

त्यांनी आढ्याला टांगलेली मोट काढली, तिच्या कातड्याला तेल पाजलं आणि बैल धावेवर, विहिरीकाठच्या उतारावर, नेले. आधी मोटेचा नाडा हात सोलून काढायचा, मग हात निबर झाले. मारुतराव आदल्या दिवशी विहीर उपसून ठेवत, त्यामुळे झिरपलेलं तेवढंच पाणी हाती लागे. तेवढ्या पाण्यात शेतातला निम्मा कांदा भिजायचा. उरलेला निम्मा त्यांनी स्वतःच्या हातानं सोडून दिला. बघायला आलेले लोक काही दिवसांनी यायचे थांबले.

इंजिन ऐन एप्रिलात मोडलं, भर दुपारी, मारुतरावांच्याच पाळीत. ते झाडाखाली तंबाखू मळत होते म्हणून वाचले. दांडा कूस फोडून बाहेर आला आणि काळं तेल पाटात सांडलं. उद्धवराव येऊन बघून गेले. म्हणाले, इंजिनाचा सांगाडाच तडकलाय, दुसरा पुण्याहून मागवावा लागेल, महिना तरी जाईल. मारुतराव आधी म्हणाले, बाईची नजर लागली. मग त्यांना आठवलं, की आपल्याकडं मोटही नाही आणि बैलही नाहीत. एप्रिलात आपली मोट कोण दुसऱ्याला देतो? ते गावभर फिरले आणि शेवटी दिवे लागायच्या वेळी सासूबाईंच्या अंगणात येऊन उभे राहिले. मोट आणि बैल माझ्या पाळीपुरते दे, म्हणाले.

सासूबाईंनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "भावजी, मोट न्या, बैल न्या. मानूस न्हाई गावला तर मी सवता हाकते. निस्तं उद्या चावडीवर जाऊन चार मानसांत सांगा, पानी दगडानं आटलं, शालनच्या पायानं न्हाई."

 मारुतरावांनी पागोटं सारखं केलं आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते चावडीवर गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई मोटेला तेल देऊन, बैलांना दावणीला बांधून, त्यांची वाट बघत होत्या.

उपसा थांबल्यावर विहीर भरायला लागली. आपल्या पाळीला सासूबाई मोट हाकत आणि आपला कांदा भिजवत. मारुतरावांच्या पाळीला त्या विहिरीला हातही लावत नसत, कारण ते पाणी दिरांचं होतं. त्या दिवशी विहीर निम्म्याच्या वर, हिरवीगार, नुसती उभी असायची. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मारुतरावांचा कांदा आधी पिवळा पडला, मग पातीसकट भुईला टेकला. मारुतराव रोज सकाळी येऊन बांधावर बसायचे, एकदा कांद्याकडं बघायचे, एकदा पाण्याकडं बघायचे, आणि चावडीवर न जाता घरी जायचे.