खारातलं गाऱ्हाणं

कुणीतरी हाक मारली आणि ती कुणाची, कशासाठी, हे न विचारता तुम्ही आधी "हो" म्हणालात, असं शेवटचं कधी घडलं? आठवून पाहा. मला आठवायला फार वेळ लागला. मी चळवळीची पत्रकं लिहिणाऱ्या-वाटणाऱ्या घरात वाढले आहे, आणि आमच्याकडे प्रत्येक "हो"च्या आधी "का?" विचारायची पद्धत होती. देवाच्या बाबतीत तर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा "का?" इतक्या ठामपणे विचारला होता की त्याचं उत्तर द्यायला देव रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घराकडे फिरकलाच नाही, असं आई म्हणायची. म्हणून हा अनुभव लिहिताना मला संकोच वाटतो. पण जे घडलं ते लपवणं हेही आमच्या पत्रकांच्या धर्मात बसत नाही.

आबांची एक जुनी जीप होती. खाडीकाठच्या जमिनींसाठी लोक लढत होते त्या दिवसांत ती पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव फिरली. टपावर भोंगा, मागे पत्रकांचे गठ्ठे, स्टेअरिंगवर बबनकाका. बबनकाका म्हणजे आबांचे बालमित्र आणि त्यांचे कायमचे विरोधक. त्यांनी काचेखाली रोह्याच्या ग्रामदैवताचा, धावीर महाराजांचा, फोटो चिकटवला होता. आबा म्हणत, गाडी डिझेलवर चालते. काका म्हणत, मग घाटात उतरताना तू डोळे कशाला मिटतोस? हा वाद मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर असे. सभा संपली की परत फिरण्याऐवजी आम्ही रस्ता सोडून कुठेतरी आत शिरायचो, ताडपत्री ताणायची, स्टोव्हवर भात लावायचा, आणि पत्रकांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपायचं. इतर मुलं आजोळी जात. माझी सुट्टी डिझेलच्या आणि शाईच्या वासाची होती, आणि आजही छापखान्यासमोरून गेले की मला पोटात भूक लागते.

आबांचा एक नियम होता. कुठल्याही गावाची शीव आली की इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, भेटेल त्याला सांगायचं की आम्ही अमुक ठिकाणी चाललो आहोत, तिथे मुक्काम करणार आहोत. त्याच जागी काका शिवेच्या देवाला हात जोडत. आबा हात जोडत नसत. ते म्हणत, मी माणसांची परवानगी घेतो. काका म्हणत, घे बाबा, एकाच दारात दोघंही बसलेले आहेत.

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या माणसाच्या आवाजाने मैदानं भरायची, त्याच्याकडे एकच शब्द उरला, "व्हय". पटलं तर व्हय, नाही पटलं तर गप्प. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या माझ्या वडिलांच्या तोंडात शेवटी त्यांच्या आईची बोली राहिली याचं मला आधी वाईट वाटे. पुढे सवय झाली. आम्ही गावांची नावं घेत खेळ खेळायचो. मी एकेक मुक्काम आठवायचे आणि ते ऐकत बसायचे. एकदा मी पेणच्या खारातल्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या खारवट जमिनीतल्या, भेंडीच्या झाडाचं नाव काढलं. खाडीच्या कडेला एक उंचवटा, त्यावर एकटंच झाड, जिथे आम्ही सगळ्यांत जास्त वेळा राहिलो होतो. जायचं का, मी सहज विचारलं. ते "व्हय" म्हणाले, आणि डाव्या हाताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की सहज विचारलेला प्रश्न सहज राहिला नाही. डॉक्टरांनी पुढच्या झटक्याबद्दल जे सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हा शेवटचा मुक्काम होता.

त्या हिवाळ्यात मी आणि काकांनी जीप तयार केली. मागची दोन्ही बाकडी काढली आणि घडीची खाट पट्ट्यांनी पक्की बांधली. शेजारच्या अष्टमी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून खाटेशेजारी धरायला पाइप आणि मागे चढायला पायरी करून घेतली. चाकांना नवे टायर बसवले, बॅटरी बदलली. पाण्याचे कॅन, फावडं, घमेलं, जाडा दोर, चाकाखाली घालायला फळ्या आणि रिकाम्या गोण्या. कॅनला टपावर जागा हवी म्हणून मी भोंगा काढायला गेले. आबांना विचारलं, काढू? ते गप्प. ठेवू? "व्हय." कॅन मग पायाशी ठेवले. शिकारीला निघालाय की प्रचाराला, असं आई दारातून विचारत होती. वाटेचा विचार करायला जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी होत्या, त्यावर आबांनीच कधीकाळी काढलेल्या रेघा होत्या. नागोठणं, वडखळ, रामवाडीच्या अलीकडून आत, मग गाव, मग खाराचा बांध. गाडी जड झाल्यावर कशी वागते ते बघायला आम्ही ती कुंडलिकेच्या पात्रात आणि वरशामागच्या डोंगरवाटांवर फिरवली. सगळं नीट होतं. फक्त दिवस आम्ही शिमग्याचा निवडला, कारण काकांच्या मुलाला त्याच दिवशी कंपनीची सुट्टी होती आणि मागे त्यांच्या घराकडे बघायला कुणीतरी हवं होतं.

धुळवडीच्या सकाळी आम्ही खाडीकाठच्या त्या गावाशी पोचलो. शिवेवर पोरांनी रस्त्याला आडवा दोर धरला होता. शिमग्यात अशी वाट अडवून पोस्त मागतात, दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि दिलं तरी तोंडाला रंग लावून नाचवतात. काका म्हणाले, आबाला या गोंधळात नको, आणि गाडी बाजूच्या मिठागराच्या वाटेला घातली. पाठीमागे आबांनी पाइपवर टकटक केली. मला वाटलं त्यांना धक्के बसत असतील. आता कळतं की त्यांचा नियम मोडला होता. शिवेवर आम्ही थांबलो नव्हतो आणि आम्ही आत शिरल्याचं कुणालाही माहीत नव्हतं.

मिठागरं रिकामी होती, माणसं सणाला घरी. पुढे बांधाचा एक तुकडा फुटून गेलेला होता. तो आबांच्या रेघांत असणं शक्यच नव्हतं. पलीकडे भेंडीचं झाड दिसत होतं. काका उतरले आणि त्यांनी टाच मारून जमीन पाहिली. आम्ही भाताची माणसं. शेताला भेगा पडल्या आणि टाच रुतली नाही की बैलगाडी घालावी, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. टाच रुतली नाही. जीप घातली आणि वरचा वाळलेला पापुद्रा फुटून ती पुढच्या दोन्ही चाकांनी खालच्या चिखलात बसली. फळ्या घातल्या, गोण्या घातल्या, चाकातली हवा कमी केली. जितकं हलवावं तितकी ती खाली जात होती. आणि मग फुटलेल्या बांधातून पाणी आत येताना दिसलं, आवाज न करता, घरातलंच माणूस परत यावं तसं. आदल्या दिवशीच पौर्णिमा. उधाणाची भरती होती.

फोनला रेंज नव्हती. काका मदत आणायला बांधाकडे गेले आणि पलीकडच्या वळणावर त्यांच्या पुढे-मागे दोन्हीकडे पाणी भरलं. आता ते मला दिसत होते, पण ना परत येऊ शकत होते, ना गावाकडे जाऊ शकत होते. मी आबांना उचलायचा प्रयत्न केला. दोन पावलांत माझे गुडघे चिखलात गेले, आणि मी त्यांना परत खाटेवर ठेवलं. पाणी पायरीला लागलं होतं.

मी भोंगा लावला. लहानपणापासून त्यावर घोषणा दिल्या होत्या, आवाज कसा फेकायचा ते मला येत होतं. वाचवा, खारात गाडी अडकलीय, आजारी माणूस आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. आवाज गावापर्यंत पोचत होता, कारण गावातून उत्तर आलं. बोंब आली. हसणं, ढोल, आणि शंभर तोंडांची लांबलचक बोंब. शिमग्याला बोंब मारायचीच असते, खोट्या हाका घालून लोकांना पळवायचंच असतं. मी जितकी जीव तोडून ओरडत होते तितकी त्यांना मजा येत होती. त्या हसण्याचा राग करायलाही मला जागा नव्हती, मी स्वतः वरशात असंच हसले आहे. त्या क्षणी मला वाटलं की शब्दांवर विश्वास ठेवून मोठ्या झालेल्या मुलीला शब्दांनीच सोडलं आहे.

काचेखाली धावीर महाराजांचा फोटो होता. मी त्याच्याकडे पाहिलं असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मी काकांकडे पाहिलं. लांब बांधावर त्यांनी हात जोडले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यावरून मला लहानपणीचं देऊळ आठवलं. आबांच्या नकळत काका मला खांद्यावर बसवून नेत. तिथे गुरव सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा आणि त्याच्या प्रत्येक वाक्यापाठी सगळा गाव एका आवाजात होकार द्यायचा. मी डोळे उघडेच ठेवले, भोंग्याचा माइक तोंडाशी धरला, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"बा खाराच्या राखणदारा, म्हाराजा. वरशाची लेकरं तुझ्या शिवेत न इचारता शिरली. चुकलं असंल ते पोटात घे रे म्हाराजा."

मी थांबले. गाऱ्हाण्यात थांबावंच लागतं. आणि माझ्या पाठीमागून, खाटेवरून, आबा म्हणाले, "व्हय म्हाराजा."

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेला तो दुसरा शब्द. मी वळले नाही. वळले असते तर रडले असते.

"माझा बाप गाडीत हाय. त्याला चालता येत नाय. पानी त्याच्या खाटेला लागायच्या आदी त्याला सोडव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले, आणि मी माइक मागे त्यांच्या तोंडाशी धरला. गावातला ढोल थांबला होता. मी तिसऱ्यांदा बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. आठवतं ते उत्तर. आबांच्या जड, अर्ध्या आवाजाबरोबर खाराच्या पलीकडून, बांधावरून, कितीतरी माणसांचा एक आवाज आला. "व्हय म्हाराजा." मग बांधावर रंगलेली तोंडं दिसली, धावत येणारी.

ते गुलालाने, काजळाने माखलेले होते. एकाने तर लुगडं नेसलं होतं, सोंगातला होता. त्यांनी मिठागरातल्या फळ्या एकापुढे एक टाकत वाट केली. जीपकडे कुणी पाहिलंही नाही. त्यांनी खाटेचे पट्टे सोडले आणि आबांना खाटेसकट खांद्यावर घेतलं. जन्मभर पालखीला खांदा न देणारा माझा बाप पाण्यावरून चालला होता, चार खांद्यांवर, आणि त्याचा डावा हात वाटेतल्या डोक्यांना लागत होता. लुगडं नेसलेल्याने मला हाताला धरलं. मी रागाने विचारलं, मी एवढी ओरडत होते तेव्हा का नाही आलात? तो म्हणाला, "शिमग्याच्या बोंबंला कोन येतंय गो बाय? पन गाऱ्हानं कानावर पडलं की व्हय म्हनावाच लागतं. आनि व्हय म्हटल्यावर घरात कसा बसनार?" खाटेला पुढून खांदा दिलेला म्हातारा म्हणाला की टाच मारून खारात गाडी घालणारी भाताचीच माणसं असणार, आणि पोस्त चुकवून पळालात ते देवाने बघितलं. सगळे हसले. आबाही हसले.

भेंडीच्या झाडापर्यंत आम्ही पोचलो नाही. मुक्काम गावच्या देवळाच्या अंगणात पडला. आमची ताडपत्री पोरांनी पिंपळाला बांधली, दुपारचं जेवण चार घरांतून आलं, काकांनी पोस्त दिलं आणि नाचही केला. खाडीचा वारा तिथेही येत होता. आबा त्या खाटेवर गाढ झोपले, आणि मी मुक्कामावर पहिल्यांदाच पत्रकांच्या गठ्ठ्याविना झोपले. जीप ओहोटीला दोरांनी ओढून काढली. तिचा तळ मिठाने खाल्ला. ती आज वरशाच्या अंगणात उभी आहे, भोंग्यात चिमण्या आहेत.

घरी आल्यावर आबांकडे पुन्हा एकच शब्द होता. पुढच्या पावसाळ्यानंतर तोही गेला, आणि ते गेले. देव होता का, हे मी त्यांना विचारलं नाही. ते गप्प राहिले असते तर मला वाईट वाटलं असतं, आणि व्हय म्हणाले असते तरी. मी अजून पत्रकं लिहिते, अजून "का?" विचारते. पण त्या दिवशी माझे सगळे प्रश्न संपले होते तेव्हा मला जे मिळालं, ते मी मिळवलेलं नव्हतं. मी फक्त आवाज खाली आणला होता. शरण जाणं म्हणजे गुडघे टेकणं, असं मी समजत होते. माझे गुडघे आधीच चिखलात होते. उरलं होतं ते एवढंच, की आपण कुणाच्या तरी शिवेत आहोत हे तोंडाने कबूल करणं.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही गाडी घेऊन रानात, खारात, डोंगरात जाल तेव्हा गावाच्या शिवेवर इंजिन बंद करा, खाली उतरा, आणि भेटेल त्या माणसाला कुठे चाललात ते सांगा. हात जोडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि कधी दुसऱ्याचं गाऱ्हाणं तुमच्या कानावर पडलं, तर कोण, कुठला, का, हे सगळं नंतर विचारा. आधी व्हय म्हणा, आणि घराबाहेर पडा.